मटेरियल बदललं, एवढ्यावर पेटंट मिळतं का?

या महिन्याच्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत आला आहे. वस्तू तीच, काम तेच, मी फक्त मटेरियल बदललं; हा शोध धरला जाईल का? सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांतून आणि द्राक्षपट्ट्यातून हा प्रश्न यायचाच, कारण आपल्याकडचं बरंचसं नवं काम असंच जन्माला येतं. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. त्यात जे घडलंय ते मी इतक्या अर्जांत पाहिलं आहे की एकदा ते सविस्तर लिहायलाच हवं होतं.

प्रश्न : नमस्कार ताई. अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे. द्राक्षबागेच्या ब्लोअरची नोझल बनवतो. पावडरच्या औषधांनी पितळी चकतीचं भोक घासून मोठं होतं, मग औषध जास्त पडतं आणि थेंबही जाड पडतो. मी पितळेऐवजी ॲल्युमिना सिरॅमिकची चकती बसवली. सुरुवातीला आवळताना चकत्या तडकायच्या, मग सीटला उतार दिला आणि मागे नायलॉनची रिंग टाकली. आता चकती छान टिकते. पेटंटचा अर्ज केला तर परीक्षकांचा अहवाल आला की यात इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही. सोबत सिरॅमिक नोझलचा एक जुना परदेशी कॅटलॉग आणि वाळूचा मारा करणाऱ्या नोझलचं एक पेटंट जोडलंय. कधी बाग न पाहिलेला माणूस मुंबईत बसून 'हे सहज सुचण्यासारखं आहे' असं कसं म्हणतो? अख्ख्या अंबडमध्ये हे आधी कुणी केलं नव्हतं. (एक वाचक, अंबड)

उत्तर : तुमचा राग मला कळतो. पण परीक्षकांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यात तुम्हाला लढायला जागा आहे, आणि नेमकी तीच जागा तुम्ही एका वाक्यात उरकली आहे. आधी त्यांचं बरोबर काय, ते पाहू.

इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे शोधाची पायरी, धरली जायला पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) मध्ये दोन अटी आहेत आणि दोन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात. आधीच्या ज्ञानाच्या मानाने तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही, ही पहिली. त्या विषयातल्या जाणकाराला ती गोष्ट उघड, सहज सुचण्याजोगी नसावी, ही दुसरी. बहुतेक उद्योजक पहिलीपाशीच थांबतात. चकती जास्त टिकते, शेतकऱ्याचं औषध वाचतं, हे सगळं पहिल्या अटीत बसतं आणि परीक्षकही ते नाकारत नाहीत. अडलंय दुसरीवर.

हा जाणकार म्हणजे परीक्षक नव्हे. त्यामुळे ते कधी बागेत गेले होते का, याला इथे महत्त्व नाही. कायद्याने एक माणूस कल्पिला आहे. तो आपला धंदा नीट जाणतो, त्यातलं छापून आलेलं सगळं त्याने वाचलेलं असतं, पण स्वतःची कल्पनाशक्ती तो फारशी चालवत नाही. तुमच्या बाबतीत तो फवारणीची नोझल बनवणारा अनुभवी कारागीर. तुम्ही अर्ज केलात त्या दिवशी त्याला काय माहीत होतं, एवढंच पाहायचं. त्याचं वाचन नाशिकपुरतं नसतं. जगात कुठेही प्रसिद्ध झालेला कॅटलॉग त्याने वाचलाय असं धरतात. म्हणून 'अंबडमध्ये कुणी केलं नव्हतं' हे वाक्य उत्तरात घालूच नका.

जाणकाराच्या डोक्यात आधीच असलेलं ज्ञान कसं असतं, ते बागेतलंच उदाहरण घेऊन सांगते. बोर्डो मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये, हे दिंडोरी-निफाडकडच्या कुठल्याही बागायतदाराला ठाऊक असतं. मिश्रण झालं की त्यात विळा नाहीतर सुरी बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं राहिलंय, अजून चुना हवा. लोखंड द्रावणातलं तांबं अंगावर घेतं आणि स्वतः विरघळत जातं, म्हणून तर टाकी प्लॅस्टिकची वापरतात. उद्या कुणी 'बोर्डोसाठी लोखंडाऐवजी प्लॅस्टिकची टाकी' असा अर्ज केला तर तो कुणालाही पटणार नाही. ॲल्युमिनाचं तसंच आहे. मोहच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर तो ९ वर येतो, त्याच्या वर फक्त हिरा. पंपाची सील, कापड गिरणीतले धाग्याचे गाइड, वाळू मारायची नोझल, जिथे जिथे घासून झीज होते तिथे तो पूर्वीपासून वापरतात. घासतंय म्हटल्यावर कारागिराचा हात त्याच्याकडे जाणं स्वाभाविक आहे. आणि तुमच्या चकतीने केलं काय? ॲल्युमिना जे करतो म्हणून प्रसिद्ध आहे, तेच केलं.

या मुद्द्यावरचा जुना आणि अजूनही सांगितला जाणारा निकाल दाराच्या मुठीचा आहे. अमेरिकेत १८४१ साली एक पेटंट दिलं गेलं होतं. तोवर मुठी लाकडाच्या नाहीतर धातूच्या असत, पेटंट घेणाऱ्यांनी त्या भाजलेल्या मातीच्या आणि चिनी मातीच्या केल्या. मूठ आणि तिचा धातूचा दांडा जोडायची पद्धत मात्र जुनीच होती. मुठीत आत रुंद होत जाणारी खाच ठेवून तिथे धातू पक्का बसवायचा. हॉचकिस विरुद्ध ग्रीनवुड या खटल्यात १८५१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे पेटंट टिकू दिलं नाही. मूठ स्वस्त झाली असेल, चांगली झाली असेल, पण ते माती या कामाला जास्त योग्य निघाली म्हणून. त्यात हुशार कारागिराच्या नेहमीच्या कौशल्यापलीकडे काही नाही, असं बहुमताचं म्हणणं पडलं. न्यायमूर्ती वुडबरी एकटे विरोधात होते. वस्तू खरंच नवी, आधीपेक्षा चांगली आणि स्वस्त असेल तर तेवढ्याने शोध मानावा, असा त्यांचा कल होता. मला त्यांच्या मताबद्दल आदर आहे, छोट्या कारखानदाराच्या मनातलं ते मत आहे. पण कायदा तिकडे वळला नाही, आपलाही नाही. आपल्या कलमात आर्थिक महत्त्वाचा उल्लेख आहे, तरी त्यापुढचा 'आणि' सुटत नाही.

दुसरा निकाल शाईचा. नाशिकरोडच्या प्रेसमुळे शाई हा विषय आपल्याकडे अनेक घरांतला आहे, म्हणून सांगते. साध्या तापमानाला यंत्रावर वाळायची नाही, पण छापल्यावर उष्णता दिली की लगेच वाळेल, अशी शाई एकाने केली होती. कळीचा घटक एक द्रावक होता. तो कसा निवडला? कुठल्या तापमानाला किती वाफ होते याचे आकडे दिलेला रसायनांचा कॅटलॉग होता, त्यातून हवा तो आकडा असलेलं रसायन घेतलं. १९४५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरवलं. यादी वाचून ठरलेल्या गरजेला बसणारं ज्ञात रसायन उचलणं म्हणजे जिगसॉ कोड्यात उरलेल्या एकाच जागी उरलेला एकच तुकडा बसवणं, असं न्यायालयाने म्हटलं होतं.

हे दोन्ही निकाल अमेरिकेचे आहेत, आपल्या पेटंट ऑफिसवर बंधनकारक नाहीत. पण विचाराची ही रीत आपल्याकडेही चालते, म्हणून उत्तर लिहिणाऱ्याने ती समजून घ्यावी.

आता तुमच्या बाजूने. मुठीच्या निकालात 'दांडा जोडायची पद्धत जुनीच होती' हे पुन्हा वाचा. पद्धत नवी असती आणि ती शोधायला डोकं लागलं असतं, तर निकाल वेगळा लागायला जागा होती. तुमच्या नोझलमध्ये नेमकी जोडणी नवी असण्याची शक्यता आहे. सिरॅमिक दाब भरपूर सोसतं, ताण सोसत नाही. पितळ तापल्यावर ॲल्युमिनापेक्षा दुपटीहून जास्त फैलावतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात ब्लोअर उभा राहिला की पितळी सीट मोठी होणार, चकती सैल पडणार, कडेने औषध झिरपणार. म्हणून ऑपरेटर पान्याने आणखी आवळणार. सकाळी गार झालं की पितळ आकसणार, आणि चकती एका कडेवर दाबली जात असेल तर तडकणार. पितळी चकतीत ही अडचण येतच नव्हती. मटेरियल बदलल्यामुळे ती निर्माण झाली आणि उतार अधिक नायलॉनची रिंग देऊन तुम्ही ती सोडवली. पत्रात याला एक वाक्य, आणि मटेरियलला सगळं पान! माझा अंदाज आहे की अर्जातही तसंच झालं असेल.

म्हणून आज संध्याकाळी अर्जाची प्रत काढा आणि पाहा, उतार आणि रिंग त्यात कुठे आहेत का? वर्णनात एखादी ओळ, चित्रात एखादी रेघ, काहीही. कलम ५९ प्रमाणे मूळ अर्जात जे उघड केलेलं नाही ते नंतरच्या दुरुस्तीत घालता येत नाही. पण जे आहे त्याच्यापुरता क्लेम, म्हणजे अर्जात ज्यावर तुम्ही हक्क सांगता तो भाग, आखडता घेता येतो. तुमचा पहिला क्लेम 'सिरॅमिक चकती असलेलं नोझल' एवढा मोठा असेल तर तो सोडून द्या. 'अमुक कोनाच्या उताराची सीट, मागे लवचिक रिंग, जेणेकरून चकतीवर सगळीकडून सारखा दाब राहतो' इतका तो लहान करा. लहान क्लेम म्हणजे हार, असं वाटून घेऊ नका. तुमच्यासारखं टिकणारं नोझल करायचं म्हटलं तर दुसऱ्यालाही तडकण्याची अडचण सोडवावीच लागेल, आणि तिथे तुमचं कुंपण असेल.

एक सावधगिरी. ठिसूळ वस्तू दाबाखाली धरावी, हे तत्त्वही जुनं आहे. त्यामुळे उत्तर द्यायच्या आधी इनपास आणि एस्पेसनेट या मोफत संकेतस्थळांवर सिरॅमिकच्या जोडण्या शोधा, फक्त फवारणीत नाही, वाळूच्या नोझलमध्ये आणि व्हॉल्व्हच्या सीटमध्येही. कोनाला महत्त्व असेल तर आकडे द्या. कुठल्या कोनात किती चकत्या तडकल्या, रिंगशिवाय किती, रबराची रिंग लावल्यावर काय झालं. परीक्षकाला तुमची मेहनत दिसत नाही, कागद दिसतो.

उत्तर लिहिताना दिल्ली उच्च न्यायालयाच्या रोश विरुद्ध सिप्ला प्रकरणातल्या २०१५ च्या निकालाचा क्रम वापरा. जाणकार कोण, शोधाचा गाभा काय, अर्जाच्या तारखेला सर्वसाधारण ज्ञान काय होतं, जुन्यात आणि नव्यात फरक काय, आणि तुमचं नोझल पाहिलेलंच नाही असं धरून तो फरक सुचला असता का. शेवटच्या पायरीवर जोर द्या. उत्तर हातात असलं की कोडं सोपं दिसतं, म्हणूनच ती पायरी आहे. कॅटलॉगमध्ये सिरॅमिक आहे. पण पितळी सीटमध्ये ते न तडकता कसं बसवायचं हे त्यात लिहिलंय का? नसेल तर तसं स्पष्ट सांगा. अहवालाला उत्तर द्यायला सहा महिने असतात, मुदत संपण्याआधी अर्ज केला तर आणखी तीन मिळतात. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, चाचण्यांना वेळ लागतो.

आणि रिंगचा अर्जात कुठेच उल्लेख नसेल तर? तो माल अजून कुणाला विकला नसेल, दाखवला नसेल, तर तेवढ्यासाठी नवा अर्ज करायचा विचार करता येईल. विकला असेल तर मार्ग जवळजवळ बंद आहे.

प्रश्न : आमचा तांब्या-पितळेच्या भांड्यांचा धंदा वडिलोपार्जित आहे. कल्हई करणारे आता मिळत नाहीत. म्हणून बाहेरून पितळ आणि आतून स्टीलचं अस्तर असलेली पातेली काढायचा विचार आहे. पेटंट घ्यावं का? (एक वाचक, जुनं नाशिक)

उत्तर : अस्तराच्या कल्पनेवर पैसे घालवू नका, असं मी स्पष्टच सांगते. आंबट पदार्थ पितळेला लागू नये म्हणून मध्ये दुसरा धातू हवा, हे ज्ञान कल्हईइतकंच जुनं आहे. स्टील आंबटाला दाद देत नाही, हे प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. ही दोन ज्ञानं एकत्र ठेवायला जाणकाराला वेळ लागत नाही, आणि अशी भांडी बाजारात आहेतही.

या विषयावरचा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निकाल भांड्यांच्याच धंद्यातला आहे, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. मिर्झापूरच्या एका कारखान्याने लेथवर भांडं धरून ठेवायच्या साधनाचं पेटंट १९५१ साली घेतलं होतं. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या प्रकरणात डिसेंबर १९७८ मध्ये न्यायालयाने ते टिकवलं नाही. जुन्या ज्ञात गोष्टी शेजारी-शेजारी मांडणं किंवा वर्कशॉपमध्ये रोज होते तशी सुधारणा करणं पुरेसं नाही, असं त्यात ठरलं, आणि आजही परीक्षकांच्या अहवालांत हा निकाल भेटतो.

तुमच्या पातेल्याचा घाट, कडा, ठोक्यांची नक्षी नवी असेल तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करा. दहा वर्षं संरक्षण मिळतं, ते आणखी पाच वर्षं वाढवता येतं. मात्र वस्तू बाजारात आणायच्या आधी अर्ज गेला पाहिजे. स्टील आणि पितळ यांचं फैलावणं वेगळं असतं, गॅसवर पातेलं उमलू नये म्हणून जोडणीत काही खास केलं असेल तर मात्र मला येऊन भेटा. मग ते उत्तर बदलू शकतं.

प्रश्न : मॅडम, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या प्रोजेक्ट गाइड सरांनी सांगितलं की मटेरियल बदलणं कधीच पेटंटेबल नसतं. पण दातांच्या कवळीचं पेटंट टिकलं होतं असं मी वाचलं. मग खरं काय? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : तू बरोबर वाचलंस. 'कधीच नाही' असा नियम कुठल्याही कायद्यात नाही, आपल्याकडे तर नाहीच.

कवळीची गोष्ट अशी. जॉन कमिंग्ज नावाच्या दंतवैद्याला १८६४ साली अमेरिकेत पेटंट मिळालं. तोवर दात ज्यात बसवायचे ती पट्टी सोन्यासारख्या धातूची वगैरे असे. यांनी ती कठीण रबराची केली. मुठीचा निकाल देणाऱ्या त्याच न्यायालयासमोर प्रकरण गेलं आणि प्रतिवादीने म्हटलं, हे तर फक्त मटेरियल बदलणं आहे, हॉचकिसप्रमाणे रद्द करा. १८७६ साली न्यायालयाने ते मान्य केलं नाही. रबर मऊ असताना ते दातांभोवती आणि हिरडीच्या साच्यावर बसवायचं, मग उष्णतेने कठीण करायचं. त्यामुळे दात आणि पट्टी एकसंध होतात, मध्ये फट राहत नाही, वजन हलकं, टाळूला अचूक बसतं. धातूच्या पट्टीत यातलं बरंच काही शक्यच नव्हतं. मटेरियलबरोबर घडवण्याची रीतही बदलली आणि हाती आलेली वस्तूच वेगळ्या जातीची निघाली. मुठीत तसं झालं नव्हतं. मातीची मूठ लाकडी मुठीसारखीच बसायची आणि तशीच फिरायची.

तुझ्या प्रोजेक्टला हाच प्रश्न विचार. ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट कार्बन फायबरचा केलास आणि तो हलका झाला, तर ते कार्बन फायबरचं पुस्तकातलंच वर्णन झालं. जुन्या कागदपत्रांत 'हलक्या धातूचा सांगाडा' असं लिहिलेलं असेल आणि तू ॲल्युमिनियमचं नाव घेतलंस, तरी रिकामी जागा भरली एवढंच. एखादं नवं गोंद बाजारात आलं, कंपनीनेच सांगितलं की ते प्लॅस्टिक धातूला चिकटवतं, आणि तू त्याने प्लॅस्टिक धातूला चिकटवलंस, तर 'मी पहिली' असूनही उपयोग नाही. पण फायबरचे थर लावताना तुला ब्रॅकेटचा आकारच बदलावा लागला आणि त्यातून कंपन अपेक्षेपेक्षा कमी झालं, तर ते लिहून ठेव, तारीख टाक. आणि कॉलेजच्या प्रदर्शनात पोस्टर लावायच्या आधी प्रोव्हिजनल अर्ज दाखल कर. त्यानंतर संपूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. सरांना हे सगळं दाखव, ते नक्की ऐकतील.

प्रश्न : आमचा महिलांचा गट केळीच्या खोडापासून कागद करतो. द्राक्षाच्या पेटीत ठेवतात ते ग्रेप गार्ड प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदाचं असतं. आम्ही ते केळीच्या कागदाचं केलं, प्लॅस्टिक अजिबात नाही. दोन पॅकहाऊसने वापरून पाहिलं, चांगलं चाललं. गेल्या हिवाळ्यात एका कृषी प्रदर्शनात स्टॉलही लावला होता. एका सल्लागाराने सांगितलं की प्लॅस्टिकऐवजी कागद हे तर कुणीही करेल, पेटंट मिळणार नाही. (एक गट, पिंपळगाव बसवंत परिसर)

उत्तर : तुमच्या सल्लागारांशी मी सहमत नाही. चारही पत्रांत मला सर्वांत जास्त आशा तुमच्या कामात दिसते आणि सर्वांत जास्त काळजीही त्याचीच वाटते.

आधी वाचकांसाठी थोडक्यात. ग्रेप गार्डमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. पेटीतली ओल लागली की त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो आणि तो करड्या बुरशीला रोखतो. वायू कमी पडला तर परदेशी बंदरात पेटी उघडल्यावर बुरशी दिसते. एकदम जास्त सुटला तर देठाजवळ मणी पांढरे पडतात आणि माल नाकारला जातो. समुद्रमार्गे युरोपला पोचायला आठवडे लागतात, तेवढा काळ वायू हळूहळू सुटत राहिला पाहिजे. हे काम प्लॅस्टिकचा थर करतो, ओल आत किती वेगाने जाईल ते तो ठरवतो.

म्हणजे इथे प्लॅस्टिक नुसतं वेष्टन नाही, यंत्राचा भाग आहे. आता जाणकाराला विचारा, हा थर काढून केळीचा कागद लावू का? तो म्हणेल, नको. केळीचा धागा पाणी पितो, सगळा वायू पहिल्या दोन-चार दिवसांत सुटेल आणि मणी जळतील. जाणकार ज्या वाटेने जाऊ नको म्हणतो, त्या वाटेने जाऊन माल चांगला निघाला, तर ते सहज सुचण्याजोगं कसं?

अशा प्रसंगासाठी माझ्या मनात नेहमी ॲडम्सच्या बॅटरीचा निकाल असतो. ॲडम्सने मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइड वापरून, नुसतं पाणी घातलं की चालू होणारी बॅटरी केली. दोन्ही पदार्थ बॅटरीसाठी आधीपासून माहीत होते. पण ते असे एकत्र वापरावेत असं जुनं ज्ञान सांगत नव्हतं, उलट त्यापासून दूर नेत होतं. अमेरिकी सैन्याच्या तज्ज्ञांना त्याने बॅटरी दाखवली तेव्हा ती चालेल यावर त्यांचा विश्वास बसला नाही. नंतर सरकारने तीच बॅटरी वापरली, आणि पैसे मागितल्यावर न्यायालयात म्हटलं की हे तर उघडच होतं. १९६६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ॲडम्सच्या बाजूने निकाल दिला. ज्यांना आधी अशक्य वाटलं होतं त्यांनीच नंतर सोपं म्हणावं, हे न्यायालयाला पटलं नाही.

तुम्हाला पॅकहाऊसमधल्या कुणी 'हे चालणार नाही' असं लेखी कळवलं असेल, व्हॉट्सॲपवर का होईना, तर ते जपून ठेवा. ते तुमच्या बाजूचं आहे.

तुम्ही कागदावर कसला लेप दिला, ते पत्रात लिहिलंत. तो मजकूर मी मुद्दाम वगळला आहे. इथे छापला असता तर तोच तुमच्या शोधाचा जाहीर प्रकाशनाचा पुरावा ठरला असता. सगळ्याच वाचकांना विनंती, पत्रात असा तपशील पाठवू नका.

माझी काळजी प्रदर्शनाची आहे. सहज सुचण्याचा प्रश्न नंतर येतो, आधी वस्तू नवी असावी लागते, आणि स्वतःच जाहीर केलेली वस्तूही जुनी धरतात. कलम ३१ मध्ये प्रदर्शनाची सवलत आहे, पण केंद्र सरकारने राजपत्रात तशी अधिसूचना काढलेल्या प्रदर्शनालाच. सवलत लागू असली तरी प्रदर्शन सुरू झाल्यापासून बारा महिन्यांत अर्ज करावा लागतो. आपल्याकडच्या कृषी प्रदर्शनांना ती आपोआप मिळत नाही. तुमच्या प्रदर्शनाची अधिसूचना होती का, हे आयोजकांना विचारा. पॅकहाऊसमधल्या वापराचं वेगळं आहे. तो केवळ चाचणीसाठी होता, चाचणी उघड्यावर करण्याशिवाय पर्याय नव्हता आणि अर्जाच्या आधी वर्षभराच्या आत झाली, तर कलम ३२ तुमच्या मदतीला येऊ शकतं. पण त्या पेट्यांचे पैसे घेतले असतील तर तो मुद्दा अवघड होतो.

स्टॉलवर नेमकं काय दाखवलं, यावर बरंच अवलंबून आहे. तयार ग्रेप गार्ड नुसतं टेबलावर ठेवलं होतं की नमुने वाटले? पत्रकात लेपाचं नाव होतं का? कुणी विचारल्यावर सांगितलं का? बाहेरून पाहून कळलं नसेल आणि नमुना कुणाच्या हाती गेला नसेल, तर लेप आणि तो देण्याची रीत यावर अर्ज करण्यासारखं काही उरलेलं असू शकतं. केळीचा कागद एवढाच क्लेम मात्र मी करणार नाही, तो प्रदर्शनाने गेला असंच धरून चालते.

या आठवड्यात तीन कामं करा. प्रदर्शनाचं पत्रक, स्टॉलचे फोटो आणि पॅकहाऊसशी झालेला व्यवहार एका ठिकाणी जमवा. लेप दिलेला कागद, लेप न दिलेला कागद आणि बाजारातलं प्लॅस्टिकवालं ग्रेप गार्ड, तिन्ही एकाच थंड खोलीत, एकाच बागेच्या मालावर लावा आणि रोज वायूचं प्रमाण मोजून ठेवा. मोजायचं साधन गटाकडे नसेल तर पॅकहाऊसला मागा. आणि येत्या हंगामाच्या प्रदर्शनात स्टॉल घेण्याआधी प्रोव्हिजनल अर्ज दाखल झालेला असू द्या. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात, पण ते ऑनलाइन भरता येतात. त्यासाठी कुणाला नाशिक सोडायची गरज नाही.